खलिता आलाय, राणीसाहेब!

मराठी ऐतिहासिक मालिकेतली लढाई रणांगणावर होत नाही, राणीच्या महालात होते. रणांगण महाग पडतं. त्याला घोडे लागतात, घोड्यांना वैरण आणि परवानग्या लागतात, दीडशे मावळे उभे केले तर दीडशे जणांचा नाश्ता लागतो, आणि एवढं करून ऐन चढाईच्या वेळी एखाद्या मावळ्याच्या मनगटावर घड्याळ राहिलेलं सापडतं. राणीचं तसं नाही. तिला एक झरोका, एक निरांजन, एक दासी आणि एक पितळी तबक दिलं की ती तेवढ्यावर अख्खी मोहीम निभावते. हुजऱ्या धापा टाकत येतो. "राणीसाहेब, खलिता आलाय!" राणी वळते. मग डावीकडून वळते. मग उजवीकडून वळते. बिचारी एकदाच वळलेली असते, पण कॅमेरे तीन असतात. तबक हातातून सुटतं, कुंकू फरशीवर सांडतं, आणि त्या खणखणाटात कापली गेली ती फौज शत्रूची की आपली, हे कळायला आपल्याला उद्या रात्री नऊपर्यंत थांबावं लागतं.

ही तक्रार नाही. माझं तर प्रामाणिक मत आहे की मराठी वाहिन्यांवरच्या बऱ्याचशा लढाया या बायकांनी नुसत्या चेहऱ्यावर जिंकलेल्या आहेत. मालिका राजाच्या नावाची असते. शीर्षकगीतात घोडा राजाचा उधळतो, तलवार राजाची तळपते, आणि राणी दोन सेकंद औक्षण करून बाजूला होते. पण मोहिमेचा खर्च वहीत मांडणाऱ्या माणसाला विचारा, महिनाअखेरीला स्वराज्य कोणी तारलं.

आम्ही खडकवासल्याला राहतो. आमच्या हॉलमध्ये टीव्ही ज्या भिंतीवर आहे, तिच्या शेजारच्या खिडकीतून सिंहगड, म्हणजे जुना कोंढाणा, दिसतो. त्यामुळे आमची मोठी पंचाईत होते. टीव्हीत फायबर आणि प्लायवूडचा कोंढाणा झगमगत असतो, त्याच्या प्रत्येक बुरुजावर चार-चार मशाली. आणि शेजारच्या खिडकीत खरा कोंढाणा काळोखात गप्प. पाहुणे आले की आधी टीव्हीतल्या गडाला "वा!" म्हणतात आणि मग खिडकी लावून घ्यायला सांगतात, डास येतात म्हणून.

खऱ्या गडालाही याचं काही वाटत नसावं, कारण तो स्वतःच जुना टीव्हीवाला आहे. त्याच्या माथ्यावर दूरदर्शनचा मनोरा आहे, आणि पुण्यात एकच वाहिनी होती त्या काळात चित्र तिथूनच यायचं. 'स्वामी' मालिकेतल्या रमाबाई पेशवे आमच्या घरी आल्या त्या सिंहगडावरूनच, ॲंटेनामार्गे. वारा सुटला की त्या थरथरायच्या. आम्हाला वाटायचं, काय अभिनय आहे! मग कोणीतरी गच्चीवर जाऊन दांडा फिरवला की अभिनय थांबायचा.

मालिका बघायला आमच्याकडे दोन जाणकार असतात. एक माझी आत्या. तिची इतिहासावरची श्रद्धा दांडगी आणि निर्मात्यावरचा विश्वास बेताचा. दुसरे वरच्या मजल्यावरचे सुभेदार काका. सैन्यातून निवृत्त झालेले, शेवटची वर्षं इथेच एनडीएत काढलेली. आत्या राणीचे दागिने बघते, काका महालाचा बंदोबस्त.

"काय ओ ताई, पहाऱ्याला दोनच जवान? आणि दोघांची तोंडं महालाकडं!"

"त्यांनाही राणीचं बोलणं ऐकायचं असतं," आत्या म्हणते.

"आणि हा हुजऱ्या कुणाला विचारून घुसला आत? आमच्या गेटवर भाजीवाल्याला पास लागायचा. इथं राणीसाहेबांच्या दारात नोंदवही नाही?"

काकांचा मुद्दा बिनतोड आहे. मालिकेतल्या राणीच्या महालाइतकी असुरक्षित जागा हिंदुस्थानच्या इतिहासात दुसरी नसेल. तिथे कोणीही कधीही धापा टाकत येतं. पडद्यामागे कायम कोणीतरी उभं असतं आणि त्याचे पाय पडद्याखालून दिसत असतात. राणीला ते पाय दिसत नाहीत, कारण ती झरोक्यातून बाहेर बघत असते. बाहेर काय असतं? हिरवा पडदा. संगणकावर सह्याद्री मागाहून भरतात.

पण आमच्या गावाला अशा लुटुपुटीच्या बांधकामाला हसायचा अधिकार नाही. केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र इथलंच, १९१६ साली सुरू झालेलं. तिथे नद्या, धरणं, बंदरं यांच्या लहान प्रतिकृती बांधतात, त्यांत पाणी सोडतात आणि खऱ्या ठिकाणी काय होईल ते आधी इथे बघून घेतात. पानाफुलांच्या रांगोळीएवढ्या जागेत अख्खी नदी वाहते. राणीचा महाल ही त्याच शास्त्राची शाखा म्हणायची. प्रमाण एवढंच ठरवून घ्यायचं : एक भुवई वर म्हणजे पाच हजार घोडदळ.

आणि धरणाकाठच्या माणसाला राणीच्या डोळ्यांतलं पाणी बघून दुसरं सुचणार तरी काय? पुण्याला पाणी देणाऱ्या साखळीत चार धरणं. वरसगाव १२.८२ टीएमसी, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१, आणि आमचं खडकवासला १.९७. सगळ्यांत धाकटं. पाऊस पडतो तिकडे वर, पाणी साठतं तिकडे वर; पण मुठेत सोडायची वेळ आली की दरवाजे उघडायचे खडकवासल्याने. बातमीत नाव आमचं, पुण्यात भिडे पूल बुडाला की बोल आमच्या नावाने. मालिकेतल्या धाकट्या राणीसाहेबांचं अगदी हेच. घोडखिंड वर कुठेतरी, दगाफटका वर कुठेतरी, दुःखाचा सगळा साठा राजाच्या आणि सरदारांच्या पोटी. विसर्ग मात्र हिच्या डोळ्यांतून. आत्या आता तो क्युसेकमध्येच मोजते. "आज कमी सोडलं हो. शनिवारी महाएपिसोड आहे, त्यासाठी राखलं असेल."

राण्यांची संख्या ही मालिकावाल्यांची जुनी अडचण. शिवाजी महाराजांच्या राण्या आठ : सईबाई, सोयराबाई, पुतळाबाई, सकवारबाई, सगुणाबाई, काशीबाई, लक्ष्मीबाई आणि गुणवंताबाई. निंबाळकर, मोहिते, पालकर, गायकवाड, शिर्के, जाधव, विचारे, इंगळे अशी मातब्बर माहेरं. एकेक सोयरीक म्हणजे स्वराज्याला जोडलेलं एकेक घराणं. त्यामागचं राजकारण नीट सांगायचं तर तीच एक मालिका होईल. पण आठ नऊवारी, आठ नथी, आठ मेकअप खुर्च्या आणि आठ जणींच्या तारखा जुळवायच्या कोणी? मग आठांतल्या तिघींना वाक्यं मिळतात, एकदोघींना मान डोलवायला मिळते, आणि बाकीच्या कायमच्या "देवदर्शनाला गेल्या आहेत".

वाक्यं मिळण्याचेही नियम आहेत. सईबाईंना खोकला मिळतो. त्यांचं १६५९ साली राजगडावर आजारपणात निधन झालं हे खरंच आहे, पण मालिकेत पहिला खोकला ऐकू आला की आत्या कॅलेंडरकडे बघते आणि अचूक तारीख सांगते. त्याआधी काही भाग सईबाई सगळ्यांना क्षमा करत फिरतात. पुतळाबाईंना भक्ती मिळते. त्यांनी देवघराजवळ उभं राहायचं आणि कोणी वाकडं बोललं की डोळे मिटायचे. काम सगळ्यांत जास्त मिळतं ते सोयराबाईंना, कारण त्यांचं इतरांशी पटत नाही. मालिकेत ज्याचं पटतं त्याला पगार कमी असावा असा माझा अंदाज आहे.

'स्वराज्यरक्षक संभाजी' २०१७ ते २०२० या काळात झी मराठीवर चालली, तेव्हा स्नेहलता वसईकर यांच्या सोयराबाईंनी आमच्या घरात जेवढा राग पिकवला तेवढा औरंगजेबालाही जमला नाही. औरंगजेब लांब होता, तंबूत होता, टोप्या शिवत होता. सोयराबाई घरातल्या होत्या. आत्याच्या पिढीला मुघलांपेक्षा भाऊबंदकीचा अनुभव जास्त, त्यामुळे पन्हाळ्याचा वेढा आला की ती मटार सोलायची आणि सोयराबाई अण्णाजी दत्तोंशी कुजबुजायला लागल्या की मटार खाली ठेवायची. "ऐका! ऐका काय शिजतंय!" राज्याभिषेकाला पट्टराणी म्हणून शेजारी बसलेल्या बाईला आपल्या पोटच्या मुलाचं पुढे काय हा प्रश्न पडला, तर तो सरळ राजकीय प्रश्न आहे, जगातल्या प्रत्येक राजवाड्यात पडलेला. पण हे मी आत्याला सांगू शकलो नाही. मी तोंड उघडलं की ती म्हणायची, "तू गप्प बस, तू त्यांच्या बाजूचा."

काकांना मात्र सोयराबाई आवडायच्या. "या एकट्या बाईला ठाऊक आहे पुढचा हुकूम काय द्यायचा. बाकीचे नुसते मुजरे करतायत."

नट-नट्यांच्या कारकिर्दीतही राजा-राणीतला हा भेद दिसतो, आणि तो मला फार मौजेचा वाटतो. अमोल कोल्हे २००८ साली 'राजा शिवछत्रपती'मध्ये शिवाजी महाराज झाले. नऊ वर्षांनी ते संभाजी महाराज झाले. म्हणजे पडद्यावर गृहस्थ नऊ वर्षांत एक पिढी मागे आले, स्वतःचेच चिरंजीव झाले, आणि मालिका चालू असतानाच शिरूरचे खासदारही झाले. आता मृणाल कुलकर्णींकडे बघा. १९८०च्या दशकात 'स्वामी'मध्ये त्या रमाबाई होत्या, रवींद्र मंकणींच्या माधवरावांच्या पत्नी. वय इतकं कोवळं की नऊवारी तोलताना आपल्यालाच काळजी वाटावी. 'राजा शिवछत्रपती'त त्या जिजाबाई झाल्या. आणि २०१४ साली 'रमा माधव' चित्रपटात त्या गोपिकाबाई झाल्या, म्हणजे त्याच रमाबाईंच्या सासूबाई! ज्या घरात सून म्हणून माप ओलांडलं, त्याच घरात सासू म्हणून बसल्या. दिग्दर्शनही त्यांचंच होतं, त्यामुळे गाऱ्हाणं नेणार कोणाकडे? पुरुष नट काळाच्या उलट्या दिशेने चालतो आणि त्याला नवं शिरस्त्राण मिळतं. नटी सुलट्या दिशेने चालते आणि तिला पांढरी बट मिळते.

पण झरोक्यातली बाई ही काही टीव्हीने काढलेली टूम नाही. ती आपल्याकडे शाहिरांच्या काळापासून आहे. तुळशीदास शाहिराचा तानाजीवरचा पोवाडा प्रसिद्ध आहे. त्यात जिजाबाई प्रतापगडावरून बघतात आणि त्यांना कोंढाणा दिसतो. आता आमच्या खिडकीतून कोंढाणा दिसतो यात विशेष काही नाही, आम्ही पायथ्याशीच आहोत. प्रतापगडावरून तो दिसायचा म्हणजे मधले सगळे डोंगर वाकून बाजूला व्हायला हवेत. शाहिराला ते वाकवता येतात. कोंढाणा दिसल्यावर त्या काय करतात? निरांजन विझतंय का ते बघत नाहीत. मुलाला राजगडावरून बोलावून घेतात, सोंगट्यांचा डाव मांडतात, जिंकतात, आणि पणात कोंढाणा मागतात. बाकीचा इतिहास, म्हणजे तानाजीने गड घेतला ती ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, त्या डावातून निघतो. शाहिराच्या हातात डफ आणि मागे दोन साथीदार. मालिकेच्या मानाने त्याचा खर्च काहीच नव्हता. तरी त्याने बाईला खिडकीत उभं केलं ते मोहीम सुरू करायला. मालिकेत ती उभी असते मोहीम संपल्याचं ऐकायला.

माझा खरा आक्षेप इथे आहे, आणि तो पैशांचा नाही, कालगणनेचा आहे. मालिका राजाच्या मृत्यूबरोबर संपते. शेवटच्या भागात वाहिनी रुमाल काढायला लावते, सोमवारपासून त्या जागी नवी गोष्ट लागते, आणि राणीचं काम नेमकं त्याच सोमवारी सुरू झालेलं असतं.

संभाजी महाराजांच्या राणी येसूबाईंचंच घ्या. 'स्वराज्यरक्षक संभाजी'त प्राजक्ता गायकवाड यांनी त्या साकारल्या, लोकांनी डोक्यावर घेतलं. संभाजी महाराजांची हत्या मार्च १६८९ मधली. मालिका तिथवर आली आणि आटोपली. पण त्यानंतर रायगडाला वेढा पडलेला असताना धाकटे दीर राजारामांना राज्य देऊन गडाबाहेर काढायचं, आपण लहान शाहूंना घेऊन मागे थांबायचं, हा निर्णय येसूबाईंचा. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला, मायलेक मुघलांच्या कैदेत गेले. आणि येसूबाई सुटून साताऱ्याला परत आल्या त्या १७१९ साली, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले तेव्हा. तीस वर्षं! आमच्याकडे तीस मिनिटं वीज गेली तर लोक महावितरणचा खानदानी उद्धार करतात. तीस वर्षं छावणीमागून छावणी, औरंगजेब गेला, त्याच्यामागून गादीवर किती आले आणि किती गेले, आणि ही बाई सगळ्यांना पुरून उरून घरी परत आली. मालिकेत त्या तीस वर्षांच्या वाट्याला काय? शेवटच्या भागात उभ्या पट्टीवरून सरकत जाणारी ओळ असेल-नसेल, तीही आत्याचा चष्मा सापडेपर्यंत निघून जाणारी.

आणि आमच्या खिडकीतल्या गडाचं काय सांगू! रविवारी खडकवासला चौपाटीवर कणसं आणि कांदाभजी खाऊन, धायरीपासूनची वाहतूक सोसून, माणसं सिंहगडावर येतात. पिठलं-भाकरी खातात, मडक्यातलं दही खातात, तानाजींच्या समाधीशी फोटो काढतात. तिथेच वर छत्रपती राजाराम महाराजांची समाधी आहे. मार्च १७०० मध्ये ते या गडावर वारले. तेव्हा त्यांच्या राणी ताराबाईंचं वय अवघं पंचविशीचं. पदरात चार वर्षांचा मुलगा, दख्खनेत स्वतः औरंगजेब येऊन बसलेला. मालिकेच्या नियमाने आता तबक पडायला हवं होतं. ताराबाईंनी मुलाला गादीवर बसवलं आणि पुढची सात वर्षं कारभार स्वतः पाहिला. औरंगजेबाने १७०३ मध्ये हा कोंढाणाही घेतला. पण तो एक गड घ्यायला पुढे सरकला की मागचा मराठे घेत. म्हणजे त्या सात वर्षांत तंबूत बसून खलित्याची वाट बघण्याचं काम औरंगजेबाकडे होतं. धापा टाकणारे हुजरे त्याच्याकडे येत होते. १७०७ मध्ये अहमदनगरला तो मेला तोवर येतच होते.

ताराबाईंवर मालिका निघाली, नाही असं नाही. सोनी मराठीवर २०२१ मध्ये 'स्वराज्यसौदामिनी ताराराणी' आली, स्वरदा ठिगळे ताराबाई झाल्या, घोड्यावर बसल्या, तलवार चालवली. आमच्या घरी तिचं स्वागत झालं, पण एक गडबड झाली. काकांना लढाया पाहिजे होत्या त्या मिळाल्या, आणि आत्या अस्वस्थ झाली. "हिच्या महालात कोणी कुजबुजत का नाही?" तिची इतक्या वर्षांची सवय मोडायला वेळ लागला. खबर आणणाऱ्याला ही राणी "किती स्वार? कोणत्या वाटेने?" असं विचारायची. आत्याने मटार सोलणं बंद केलं, हे तिच्या लेखी सर्वोच्च पदक.

मी तिला म्हटलं, आत्या, खरी गंमत तर पुढेच आहे. ताराबाई १७६१ पर्यंत जगल्या. पानिपत जानेवारीत झालं, त्या गेल्या डिसेंबरात. १७५० साली, पंचाहत्तरीच्या वयात, त्यांनी खुद्द छत्रपती रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवून ठेवलं. आधी आपलाच नातू म्हणून ताराबाईंनीच त्यांना पुढे आणलं होतं. मग तो आपल्या मनासारखा वागेना, तेव्हा हा नातू नव्हेच म्हणून मोकळ्या झाल्या. नानासाहेब पेशव्यांना त्यांनी घाम फोडला. हे सगळं एका आजीने केलं.

"पंचाहत्तर?" आत्याने खात्री करून घेतली. आत्याचं स्वतःचं वय त्याच्या जरा अलीकडे आहे.

"पंचाहत्तर."

"मग हे दाखवत का नाहीत?"

काका म्हणाले, "दाखवतील कसं? नातवाला कैदेत टाकणारी आजी म्हणजे नायिका का खलनायिका, ते ठरवायला लेखकांच्या चार बैठका लागतील. त्यात किल्ला पाहिजे. तोफा पाहिजेत. वर पेशव्यांची फौज पाहिजे. खर्च आहे, ताई."

आत्याने विचार केला. दागिने, साड्या, दासी, महाल असा सगळा हिशेब तिने बोटांवर करून पाहिला. मग म्हणाली, "तोफा राहू द्या. किल्ला समोर आहे तो वापरा, भाडं नाही पडत. आणि त्या म्हाताऱ्या राणीसाठी बाई शोधत असतील तर माझा फोन द्या त्यांना. केसांना रंग लावायचा खर्चही वाचेल."